ग्लेनफार्नचा कारभारी

१९९४ साली वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी इतकी गर्दी व्हायची, की चपला जिन्यापर्यंत पसरायच्या. नंदकिशोर महाराज डोळे मिटून लोकांचे मागचे जन्म सांगायचे. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क, त्यात बी.एस्सी. झालेला. दुसऱ्याच गुरुवारी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

महाराजांना माझा जन्म स्कॉटलंडात दिसला. ग्लेनफार्न नावाची अकरा घरांची वाडी. लोक ओट पिकवायचे, काळ्या गाई पाळायचे. पुढे जमीनदाराला तिथे मेंढ्या चारायच्या होत्या, म्हणून १८१९ साली त्याच्या कारभाऱ्याने घरांची छपरं पेटवून वाडी रिकामी केली. एक म्हातारी विधवा आत जळाली आणि मरताना तिने शाप दिला. तो कारभारी म्हणजे मी.

खरं सांगतो, पापाचं मला फारसं काही वाटलं नाही. आपण गोरा साहेब होतो, याच आनंदात होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्कॉटलंडातल्यासारखा चौकड्यांचा मफलर गुंडाळून ऑफिसला गेलो.

पण तो शाप माझ्या मुलीला, जाईला बाधत होता म्हणे. तिला फिट यायच्या. महाराजांनी गोळ्या बंद करायला सांगून अंगारा दिला. बायको स्मिता विनवत राहिली. तिची श्रद्धाच नाही असं सुनावून मी गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या.

बाराव्या दिवशी जाई शाळेत कोसळली. कपाळाला चार टाके पडले. इतिहास शिकवणाऱ्या क्रांतीबाई तिला घेऊन घरी आल्या. त्यांनी माझी सगळी हकिगत शांतपणे ऐकली; वाडीचं नाव तेवढं दोनदा विचारलं.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक.

"महाराज, म्हातारी नक्की जळाली?"

"या डोळ्यांनी पाहिली, बाळ."

"हा ग्लेनफार्नचा इतिहास. याची एक प्रत इथल्या वाचनालयात आहे. तुमच्या सेवेकऱ्याने ती तीनदा नेली. त्या प्रतीत छपरं पेटतात, पुढची पानं फाटलेली आहेत. ही अख्खी प्रत मी मुंबईहून आणलीय."

मग त्यांनी वाचून दाखवलं. शेजाऱ्यांनी विधवेला घोंगडीत उचलून बाहेर काढलं. सगळे जहाजाने कॅनडाला गेले. तिने तिथे बटाटे लावले, आणि नव्वदीत आपल्या अंथरुणात वारली.

पुस्तकं खोटी असतात, असं महाराज म्हणाले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे दिनानाथ चाचरत उठले. तो कारभारी म्हणजे तुम्हीच, असं महाराजांनी त्यांनाही खासगीत सांगितलं होतं. मागून आणखी दोन हात वर झाले. लोक हसले. मी हसू शकलो नाही.

गोळ्या मी टाके पडले त्याच संध्याकाळी बाहेर काढल्या होत्या, डॉक्टरांची बोलणी खाऊन. कोणी मागचा जन्म सांगितला, तर त्याला तो कुठून कळला एवढं विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. मी फसलो याची लाज आता वाटत नाही. जाईच्या कपाळावरचा व्रण मात्र अजून आहे. ती केस पुढे ओढून तो झाकते, आणि कोणी विचारलं तर पडले होते म्हणते. माझं नाव सांगत नाही.