ढगळ

मनुबाईनं पिशवीतून हिरवा झंपर काढून मशिनवर टाकला.

"आमच्या सुनंचा, शालूचा हाय. लय ढगळ झालाय. दोन बोटं आत घ्या."

मौला टेलरनं झंपर उलटा करून पाहिला. सहा महिन्यांतली ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही शिवणी त्याच्याच हातच्या होत्या.

इस्लामपुरात त्याच्या दुकानाची पायरी चढणारी प्रत्येक बाई आधी सांगायची, 'जरा ढगळच शिवा.' ढगळ म्हणजे पोर अंगानं भरली तरी पुढच्या दिवाळीला चालेल, असं. मौला शिवणीत कापड दाबून ठेवायचा आणि वर्षभरानं उसवून द्यायचा. आत घ्यायला कुणी येत नसे. दुष्काळात तेवढे आले होते. पण दुष्काळ सरूनही आता दोन वर्षं झाली होती आणि मनुबाईच्या स्वतःच्या झंपराची बाही दंडात रुतत होती.

"शालूला घिऊन या. अंगावर माप घेतो."

"तिला कशाला? घरातलं कोण बघंल?"

मौलाला त्या बाईचा भयंकर राग आला. पण दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलणार? "उद्या न्या," एवढंच तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं शिवण घातली. मग झंपर कागदात गुंडाळून, दुकान भरदुपारी बंद करून चार मैल सायकल मारली. शालूचा बाप नाथाजी गोठ्यात वैरण टाकत होता. लग्नाचे कपडे मौलानंच शिवलेले, त्यामुळे ओळख होती.

"शालू आल्ती का माहेराला?"

"न्हाई गड्या. पंचमीला धाडली न्हाई, दिवाळीलाबी न्हाई. बरी हाय म्हणून निरोप येतोय की."

मौलानं कागद त्याच्या हातात दिला. नाथाजीनं धोतराला हात पुसले, झंपर उलगडला आणि हसला.

"आमच्या बारकीला पोलकं आणलंस व्हय? पर धा वर्साची पोर ती, वाढतं अंग. जरा ढगळ शिवायचं रं."

मौलाला त्याच्याकडं बघवेना.

"बारकीचं न्हाई," तो म्हणाला. "शालूचा झंपर हाय. आज सासूनं आत घ्यायला आणला."

नाथाजीनं झंपराच्या बाहीत हात घातला. पंजा आत जाईना. मग वैरण तशीच सोडून तो गोठ्याबाहेर आला आणि घरात कुणाला न सांगता त्यानं गाडी जुंपली.