सहानंतरचे पाहुणे

साहेब, चोर मालक नाही, चोर तुम्ही आहात. रोज काम किती तास, जादा काम केलं तर दुप्पट पगार, हे सगळं तुम्ही कायद्यात छान टाइप केलंत आणि तो कायदा राखायला दिलात मालकाच्याच भिंतीला, काचेच्या चौकटीत. ती काच पुसायचं कामही कामगारांकडेच, आणि तेही सहानंतर. तुमच्या कामगार खात्यातल्या खुर्चीखाली काय चालतं ते सांगतो, नीट बसा.

हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टेबलक्लॉथ धुणारा एक धुलाईखाना. तिथे इस्त्रीच्या टेबलाशी एक बाई उभी असते. तिला सगळे कडकबाई म्हणतात. कांजी कडक, घडी कडक, आणि जिभेचं तर विचारूच नका. सहाला भोंगा होतो. सगळे रांगेने दाराशी जातात, यंत्रात कार्ड घालतात, यंत्र खट् करतं, म्हणजे माणूस घरी गेला. मग तो माणूस पाठ फिरवतो आणि मुकाट्याने टेबलाशी परत येतो. सरकारदरबारी तो तेव्हा घरी पाय पसरून बसलेला असतो.

"सहानंतर आपण मालक-नोकर नाही, एक कुटुंब," शेठ म्हणायचे. "घरच्या माणसाला कोणी जादा तासाचे पैसे देतं का? वाईट वाटेल त्याला!"

"वाटू द्या ना, शेठ," कडकबाई म्हणायची. "वाईट वाटून कसं वाटतं ते एकदा बघू तरी."

शेठ हसण्यावारी न्यायचे.

पण कडकबाईला पैशांहून वेगळीच घाई होती. तिला भांडायचं होतं. नवरा पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला. तो सातला घर सोडायचा, ही नऊ वाजून गेल्यावर पोचायची. सुट्टीचे वारसुद्धा दोघांचे वेगळे. गाठ पडायची ती सकाळी जिन्यात, ती उतरताना आणि तो चढताना. आणि या गृहस्थाने तिला न विचारता घरातल्या दोन खाटांपैकी एक आपल्या भावाला देऊन टाकली होती.

"अगं, आपण दोघं एकदम झोपतो कधी? एक रिकामीच असते," असं जिन्यात म्हणाला आणि वर निघून गेला. त्याला उत्तर द्यायला हिला दुसरी सकाळ उजाडावी लागली. एक वाक्य चढणारं, एक उतरणारं, असं ते भांडण महिनाभर रेंगाळलं. शेजारीण वैतागली. "संपवा हो एकदाचं, मला मागचं आठवेनासं झालंय."

कडकबाईला हवा होता एक तास. सहा ते सात, समोरासमोर. त्या काचेतल्या कायद्याप्रमाणे तो तास तिचाच होता.

एका संध्याकाळी भोंगा होऊन गेला, कार्डं खटखटली, इस्त्र्या पुन्हा तापल्या, आणि दारात सरकारी तपासनीस उभा. चुरगळलेला कोट, खांद्याला पिशवी.

"सहा वाजून गेले, आणि एवढी माणसं?"

"वाढदिवस आहे!" शेठ म्हणाले. त्यांनी हे सगळ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं. फक्त कोणाचा ते ठरवायचं राहिलं होतं. घडी घालणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी पुढे ढकललं. "यांचा. ही सगळी पाहुणे मंडळी."

"आज?" म्हातारा दचकला. "बरं, आज."

"अरे वा," म्हणत तपासनीस कोट काढून बसला. "थांबतो मीही. माझीही ड्यूटी सहालाच संपली. मला तरी कोण जादा देतंय!"

आता आली का पंचाईत! शेठनी कपाटातली बिस्किटं मागवली, टेबलावर पांढरं कापड अंथरवलं, ताटली ठेवली आणि गाणं म्हणायला लावलं. सगळे टाळ्या वाजवत गाऊ लागले. पण हातांना टाळ्यांची सवय कुठे? दुसऱ्या कडव्याला कडकबाईने कापडाची दोन टोकं उचलली, समोरच्या बाईने दोन, दोघी पुढे आल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या, आणि घडी करून कापड गठ्ठ्यावर. बिस्किटं आत. ताटलीसकट. म्हाताऱ्याने त्यावर थाप मारून कडा सारख्या केल्या. गाणं संपलं तेव्हा तपासनिसाचा कोटही इस्त्री होऊन हँगरला लागला होता.

तपासनिसाने कोटाकडे पाहिलं. मग कडकबाईकडे.

"खरं सांगा बाई. तुम्ही कामगार की पाहुण्या?"

शेठचे डोळे मोठे झाले. कामगार म्हणावं तर उद्यापासून घरी बसावं लागेल. पाहुणी म्हणावं तर रोज नऊपर्यंत पाहुणचार. इस्त्री सूंसूं करत होती. कडकबाईने तिचं बटण बंद केलं.

"शेठ म्हणतात तर पाहुणीच. आणि पाहुणीला निघायला परवानगी कशाला?" तिने पिशवी उचलली. "आजोबा, शंभरी गाठा. शेठ, झालं हो छान सगळं. येते मी."

"मीही निघतो," वाढदिवसवाला म्हणाला. मग तर रांगच लागली. सरकारी माणसासमोर शेठ काय करणार? दारात उभं राहून एकेकाला हात जोडत होते. "या हं पुन्हा. या."

कडकबाई जिना धावत चढली. नवरा बुटाची नाडी बांधत होता.

"अगं! नोकरी गेली की काय?"

"नाही. भांडायला आलेय. खाट कुठाय माझी?"

जिन्यातल्या अंधाराबाहेर तिने त्याला किती दिवसांनी पाहिलं होतं! मिशी पांढरी झालेली. तिला महिनाभर घोकलेलं पहिलं वाक्यच आठवेना. पण आठवलं, आणि मग जे रंगलं! शेजारीण स्टूल घेऊन जिन्यात बसली. तो म्हणाला, "दोन खाटा कोणासाठी?" ती म्हणाली, "आपण दोघं आहोत हे घराला कळावं म्हणून!" तो काहीतरी बोलणार होता, ओठ हललेही. आणि सात वाजले.

"उरलेलं उद्या सहाला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहाला शेठनी दाराला आतून कडी घातली आणि जाहीर केलं, की आज हिशेबनिसांचा वाढदिवस आहे, आणि जेवल्याशिवाय पाहुण्यांनी उठायचं नाही. जेवण नव्हतंच. तपासनिसाचा अहवाल मात्र तुमच्या टेबलावर आला आहे, साहेब: 'समारंभ आढळला. शुभेच्छा दिल्या.' त्यावर सही तुमची आहे.

तर सांगा. सहा ते सात हा तास कोणाचा? त्या घरातलं भांडण संपवायचं कधी, आणि दुसरी खाट परत येणार कधी? मला पोच नको, उत्तर हवंय. तेही सहाच्या आत द्या. त्यानंतर ते ऐकायला इथे कामगार कोणी नसतो, सगळे पाहुणे असतात.