दादाचा राग

आमच्या घरात एक गोष्ट पक्की ठरून गेली आहे. दादा घर सोडून गेला तो मोटारसायकलमुळे. त्याने मागितली, बाबा नाही म्हणाले, दोघांची जुंपली आणि आठवडाभरात तो बॅग भरून निघून गेला. कुणी पाहुणा आला की हेच सांगितलं जायचं. आता त्याला चौदा वर्षं झाली, कुणी विचारत नाही, तरी आई मधूनच स्वतःहून सांगते. "एवढी एक गाडी घेऊन दिली असती तर माझा मुलगा आज इथे असता." बाबा तेव्हा पेपरात तोंड घालतात. पेपर उलटा असला तरी घालतील.

मी धाकटी. मी कुठेच गेले नाही, त्यामुळे माझी गोष्ट सांगण्यासारखी नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला बघूनच म्हटलं असावं. दोन गल्ल्या सोडून राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते आणि रोज संध्याकाळी आईबाबांकडे डोकावते. औषधं, गॅस, गळका नळ, बँक, सगळं माझ्याकडे. दादाकडे महिन्यातून एक फोन. पण त्या फोनची दोघं अशी वाट बघतात की बघणाऱ्याला वाटावं, घर तोच चालवतो.

फोनवर बोलायची ती आई. बाबा शेजारी बसून ऐकतात, शेवटी फोन त्यांच्याकडे येतो, ते "बरा आहेस ना?" विचारतात, तिकडून "हो, तुम्ही?" येतं, आणि ते घाईघाईने फोन आईला परत देतात. गरम भांडं हातात आल्यासारखा.

गेल्या महिन्यात दादाने एक फोटो पाठवला. कुठल्याशा घाटातल्या रस्त्याकडेला तो उभा, खांद्यावर त्याचा मुलगा आणि मागे एक अगडबंब मोटारसायकल. उंच, चिखलाने माखलेली, मागे दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, पुढे वारा अडवायला काच. आईने नातू पाहिला. कान कुणाचे, हनुवटी कुणाची, यात तिचा दिवस गेला. बाबांनी मोटारसायकल पाहिली. फोटो मोठा करत करत त्यांनी टाकीवरचं नाव वाचून काढलं.

"बघ," मला म्हणाले, "अजून डोक्यातून गेलेली नाही त्याच्या."

"बाबा, ती कुणाचीही असेल. रस्त्यात उभी असेल."

"मग नेमका तिच्यासमोरच बरा उभा राहिला?"

आमच्या दुकानात माणसं तक्त्यासमोर बसतात. खालच्या ओळी दिसत नसतात, पण दिसत नाही असं म्हणायचं नसतं. मग अंदाजाने अक्षरं सांगतात, आणि चुकलेलं अक्षर सगळ्यात ठणकावून सांगतात. बाबांचा आवाज तसाच लागला होता. मी वाद घातला नाही. दुकानातही घालत नाही, फक्त भिंग बदलते. इथे बदलायला भिंग नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, "घ्यायची."

"काय घ्यायचं?"

"ती गाडी. त्याच्यासाठी."

"आणि चालवणार कोण?"

"तो. आल्यावर."

"येतो म्हणालाय?"

"गाडी दारात उभी आहे म्हटल्यावर येईल की! गाडीसाठीच गेला ना?"

वरातीमागून घोडं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं आई तरी वेड्यात काढेल. ती उठली, खाली गेली आणि शेजाऱ्यांना जिन्याखालची सायकल हलवायला सांगून आली.

बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दोर तपासल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, हा त्यांचा धर्म. घरात पंखा आणायचा तरी तीन चकरा मारायचे. मोटारसायकलच्या बाबतीतही त्यांनी तेच मांडलं. जिन्याखालची जागा मापली. वळताना हँडल भिंतीला लागेल का, ते काठी आडवी धरून पाहिलं. शोरूममधून माहितीपत्रक आणलं आणि भिंग लावून वाचलं. एका संध्याकाळी मी गेले तर पलंगावर दादाची जुनी पँट पसरलेली आणि बाबा तिच्या आतल्या शिवणीला टेप लावून बसलेले.

"सीट उंच आहे," ते म्हणाले. "पाय टेकायला हवेत दोन्ही. नाहीतर सिग्नलला पडेल."

"बाबा, ही पँट कॉलेजातली आहे."

"पाय काय, तेवढेच राहतात. पोट वाढतं."

ती पँट आईने इतकी वर्षं धुऊन, घडी घालून ठेवली होती हे मला माहीतच नव्हतं. माझे जुने कपडे तिने कधीच भांडी विकणाऱ्या बाईला देऊन टाकले होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका राग आला की मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले. मला साधी स्कूटर हवी होती तेव्हा "बस येते ना दारात" एवढ्यावर विषय संपला होता. मी काही घर सोडून गेले नाही. सोडलं असतं तर माझ्याही पँटा मापल्या गेल्या असत्या.

पण खरी भीती दुसरीच होती. म्हातारपणासाठी ठेवलेलं होतं ते सगळं त्या गाडीत जाणार होतं, ते एक झालंच. त्याहून वाईट म्हणजे, गाडी येईल, जिन्याखाली उभी राहील, आणि दादा येणार नाही. मग ही दोघं रोज उठून तिच्यावरची धूळ पुसतील. दादाची खोली निदान दार ओढून झाकता येते. गाडी कशी झाकणार?

एवढं सगळं करूनही एक गोष्ट अडली होती. रंग. शोरूममध्ये तीन होते आणि बाबांचं ठरेना.

"तू विचार त्याला," ते मला म्हणाले. "मी विचारलं तर पुन्हा भांडण व्हायचं."

"भांडायला आधी बोलावं लागतं, बाबा," असं अगदी ओठांवर आलं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शोरूमला गेलो. मोठी काचेची जागा, फरशी इतकी चकचकीत की बाबांनी चपला दाराशी काढायला घेतल्या. टायवाल्या विक्रेत्याने त्यांना अडवलं. बाबांना तो आता ओळखत होता. "या काका, आज पक्कं करूनच जायचं!" म्हणाला. बाबांनी त्याला सस्पेन्शन, ब्रेक, टाकीत पेट्रोल किती मावतं, सगळं पुन्हा एकदा विचारलं, आणि त्यानेही पुन्हा सगळं सांगितलं. मग कागद टेबलावर आले. नाव, पत्ता, रंग.

"लाव फोन," बाबा म्हणाले.

मी बाहेर फुटपाथवर आले आणि फोन लावला. दादाने लगेच उचलला. आवाज घाबरलेला. "काय गं? आईला काही झालं का?"

"नाही रे. सगळे बरे आहेत. सहज." मी काय बोलणार होते ते सगळं पाठ करून आले होते, तरी गाडी रुळावर येईना. "तो फोटो पाठवलास ना, त्यात मागे मोटारसायकल होती."

"कुठला फोटो?"

"डोंगरातला. तुझ्या खांद्यावर..."

"हां, हां! होती का? आम्ही जेवायला थांबलो होतो तिथे. कुणाची तरी असेल बाहेर लावलेली. का गं?"

काचेतून मला बाबा दिसत होते. विक्रेत्याने त्यांना गाडीवर बसायचा आग्रह केलेला दिसत होता. बाबांनी एक पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे टाकला. बसले खरे, पण पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले. विक्रेता गाडी दोन्ही हातांनी धरून उभा होता. बाबांनी हँडल पकडलं आणि समोर पाहिलं, जणू समोर रस्ताच आहे. इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या दिवशीही पाहिले नव्हते.

"बाबा तुझ्यासाठी तसली गाडी घेतायत," मी म्हणून टाकलं. "मी शोरूमच्या बाहेरच आहे. रंग विचारतायत."

तो हसला. मोठ्याने, मनापासून, लहानपणी हसायचा तसाच. "माझ्यासाठी? अगं मी काय करू मोटारसायकलचं? माझी पाठ धरते गाडीवर. आणि तिथे, तुमच्याकडे? वेड लागलंय का बाबांना?"

"तू मागितली होतीस. त्यावरूनच गेलास ना तू?"

"कशावरून?"

"गाडीवरून. भांडण झालं तुमचं. बाबा नाही म्हणाले."

तो जरा वेळ आठवत राहिला. मला ऐकू येत होतं तो आठवतोय ते. "झालं असेल गं. खरं सांगू, मला नाही आठवत. माझं जायचं तर आधीपासूनच ठरलं होतं. तिकीट काढलेलं होतं मी."

"मग येत का नाहीस?"

"असं काही नाही गं. कामं असतात, शाळा असते. येऊ कधीतरी. मी काय रागावलोय थोडाच? बाबांना सांग, नको ते खर्च करू नका म्हणावं. तब्येतीला जपा म्हणावं."

खरंच रागावला नव्हता तो. तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, पाया पडता येतं, मोटारसायकल घेऊन देता येते. याच्या मनात आमच्याबद्दल काही नव्हतंच. रागही नव्हता. चौदा वर्षं आईने स्वतःला आणि बाबांना ज्या एका गोष्टीसाठी टोचून खाल्लं, ती त्याच्या लक्षातसुद्धा नव्हती. मी "बरं, ठेवते" म्हटलं. तोही "चल" म्हणाला.

आत आले तेव्हा बाबा गाडीवरून उतरून खुर्चीत बसले होते, पेन हातात.

"कुठला म्हणाला?"

मी करडा म्हणून सांगू शकले असते. बाबांनी सही केली असती, गाडी आली असती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला ते जमलं नाही.

"नको म्हणाला, बाबा."

"म्हणणारच. राग आहे अजून." त्यांनी मान डोलावली. "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, माझ्यावरच गेलाय. गाडी प्रत्यक्ष बघितली की उतरेल राग. आपण करडा घेऊ."

"राग नाहीये त्याला."

"तुला काय कळतंय फोनवर?"

"बाबा, त्याला गाडी आठवतच नाही. भांडणही आठवत नाही. हसला तो."

"हसला?"

"हो. मनापासून हसला."

बाबांनी पेन कागदावर ठेवलं. मग उचलून त्याचं टोपण लावलं आणि विक्रेत्यापुढे केलं. विक्रेता माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. तो बिचारा "काही हरकत नाही काका, विचार करून या" म्हणाला आणि पाणी आणायला गेला. बाबा पाण्यासाठी थांबले नाहीत.

बसथांब्यावर आम्ही बराच वेळ उभे होतो. दोन बस येऊन गेल्या, बाबा चढले नाहीत. मग ते अचानक म्हणाले, "मग कशासाठी गेला तो?"

"माहीत नाही, बाबा."

"काहीतरी असेलच ना. आपणच काहीतरी केलं असेल."

"काही केलं नाही हो तुम्ही."

यावर बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं होतं, पण त्याहून क्रूर काही मी आजवर बोलले नसेन. काही केलं असतं तर भरून काढता आलं असतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, आणि मला कळलं की आता काही उरलं नाही, नाहीतर रस्त्यात हात धरलेला त्यांना चालत नाही.

पुढची बस आली. चढता चढता ते म्हणाले, "आईला यातलं काही सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

"मी बघतो."

आई दारातच उभी होती. तिने आमचे रिकामे हात पाहिले, बाबांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय झालं? नको म्हणाला?"

"नको म्हणाला," बाबा म्हणाले.

"का? अजून रागावलाय?"

मी बाबांकडे बघितलं. ते वाकून चपला काढत होते. काढलेल्या चपला त्यांनी नीट जोडून भिंतीशी लावल्या.

"खूप," ते म्हणाले. "अजून खूप रागावलाय."

"मग येईल," आई म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "राग काय, आज ना उद्या जातोच."

"जातो ना," बाबा म्हणाले.