स्वतःची प्लेट धुणारा माणूस

"बघ, तुझा प्लेट धुणारा साहेब टोपी बदलून बसलाय," म्हणत अर्नेस्टाइनने फोन ओडेसाच्या नाकासमोर धरला.

शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांच्या जेवणाची घाई चालली होती. ओडेसाने मक्याच्या पावाचा ट्रे ओट्यावर ठेवला, हात पुसले आणि पाहिलं. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच लँगलीच होता तो. डोक्यावर दुसऱ्याच विद्यापीठाची जांभळी टोपी, हसू मात्र तेच.

"परवा तर पोरांना सांगत होता ना, मी कुठे जात नाही म्हणून?"

"जेरेल होता तिथे. त्यानंच मला सांगितलं," ओडेसा म्हणाली. जेरेल तिचा मुलगा, लँगलीच्या संघातला.

"वर्षाला एक कोटी दहा लाख डॉलर घेणार म्हणे आता. तेवढ्यासाठी आपण दोघींनी किती जन्म पाव भाजायचे गं?"

ओडेसा सुरी घेऊन पाव कापायला लागली. एरवी तिने असं ऐकून घेतलं नसतं. चर्चमध्ये असो की केस कापायच्या दुकानात, कोचच्या पगारावर कुणी तोंड सोडलं की ही बाई कंबर कसून भांडायला उभी. "प्राध्यापकाच्या साठपट पगार?" असं कुणी म्हटलं की विचारायची, "प्राध्यापक येतात का तुमच्या घरी? हा माणूस जेरेलला संघात मागायला आला, माझ्या टेबलावर जेवला. घेवडा दोनदा मागून घेतला. मग बाह्या सरसावून स्वतःची प्लेट स्वतः धुतली. मला म्हणाला, मिस ओडेसा, चार वर्षं हा माझा मुलगा."

जेरेलला खरं तर तासाभरावरचं छोटं कॉलेज हवं होतं. तिथल्या जुन्या कोचवर त्याचा जीव होता. पण त्या संध्याकाळी त्याने आईकडे पाहिलं, आईने लँगलीच्या ओल्या हातांकडे पाहून मान डोलावली आणि पोराचं आयुष्य ठरून गेलं.

दुपारी लॉरेटाचा फोन आला. तिचा मुलगा त्याच संघातला, वसतिगृहात जेरेलच्याच खोलीत राहायचा. जॉर्जियातली ती बिचारी बाई रडत होती.

"आमच्याकडे येऊन भांडी धुऊन गेला गं हा माणूस. मी पाद्रीबाबांनासुद्धा कौतुकानं सांगितलं होतं."

"कुठली भांडी?" ओडेसाने विचारलं.

"त्याची प्लेट. वर टॉवेल मागितला, पुसून ठेवायला."

टॉवेल ओडेसाकडेही मागितला होता. ती पिठाच्या पोत्यावर बसली. रागापेक्षा तिला लाजच जास्त वाटली.

"मग?" अर्नेस्टाइनने डिवचलं. "अजून म्हणशील, तेवढ्या पगाराच्या लायकीचा आहे म्हणून?"

"आहे की. दोन नवरे केले मी. दोघांच्याही थापा पहिल्या महिन्यात ओळखल्या. याची दोन वर्षं कळली नाही. असा माणूस स्वस्तात कसा मिळेल?"

अर्नेस्टाइनला हसू आलं, पण ओडेसाचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

लँगलीच्या जागी नवा कोच आपले जुने खेळाडू घेऊन आला आणि जेरेलला म्हणाला, दुसरी जागा बघ. जेरेल घरी आला, पण आईला लागेल असं एका शब्दानेही बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं.

महिन्याभरात त्या छोट्या कॉलेजचा माणूस आला. जुना कोच निवृत्त झाला होता. हा नवा, व्हिटेकर नावाचा. ओडेसाने काही रांधलं नव्हतं. पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.

"मिस ओडेसा, मी याला अगदी माझ्या..."

"आई आहे त्याला," ती म्हणाली. "मोठ्या कॉलेजचा फोन आला तर तुम्ही काय कराल, तेवढं सांगा."

व्हिटेकरने ग्लास खाली ठेवला. "दोन मुली आहेत मला," तो म्हणाला. "बहुतेक जाईन."

दोन वर्षांपूर्वी एवढ्या उत्तरावर ती विरघळली असती. आता तिला कळेना, हा खरं बोलतोय की असं खरं बोलायचंही यांना कुणी शिकवून ठेवलंय. तिने त्याचा चेहरा नीट न्याहाळला. काही केल्या ठरवता येईना.

जेरेल काही विचारायच्या आत ती उठली. "या वेळी तुमचं तुम्ही दोघं ठरवा," म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. दार उघडंच होतं, आतलं बोलणं ऐकू येत होतं. तिने तिकडे कान दिला नाही.