पुरावा क्रमांक एक: संग्रामदुर्गाचा शिशाचा बरकंदाज

रविवार, दिनांक १० मार्च १९५७ रोजीच्या सभेच्या इतिवृत्तात, पृष्ठ एकेचाळीसवर, पुढील मजकूर आहे: ‘मंडळाचे साठ शिपाई निकामी झाले. ओतारी ज्योतीराम याने शिशात अन्य धातू मिसळल्याचे स्वतः कबूल केले आहे. सबब भेसळीचा आरोप सिद्ध होतो. त्यास मंडळातून कमी करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते संमत.’

वाक्ये पाच आहेत, एकेक तपासू. पहिले खरे आहे. दुसरेही, दुर्दैवाने, खरे आहे. तिसऱ्याचा सगळा भार ‘सबब’ या एका शब्दावर आहे, आणि त्या शब्दाखाली काहीही नाही. चौथे लगेच अमलात आले. पाचव्याविषयी एवढेच सांगतो की ज्याचे मत विरुद्ध होते तो दार आपटून बाहेर गेल्यानंतर मत घेण्यात आले. अशा रीतीने दोन सत्यांना एक अव्यय जोडून असत्य तयार करता येते. ते करताना हस्ताक्षर वळणदार होते, हेही नमूद करतो.

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा बरकंदाज आहे, त्या साठांपैकी एक. उंची अंगठ्याएवढी, खांद्याला बंदूक, डोक्याला पागोटे. माझा जन्म कासारवाडीत ज्योतीराम ओताऱ्याच्या भट्टीवर झाला. पुण्यातल्या एका छापखान्याने झिजलेले अक्षरांचे खिळे मोडीत काढले होते. ते गोणीभर खिळे मुशीत वितळवून आम्हांला ओतले गेले. त्यामुळे जन्मापूर्वीच माझ्या अंगाखालून पंचांगे, नोटिसा, निवाडे आणि दोन-तीन जाडजूड इतिहास छापून गेले होते. माझी भाषा जड वाटली तर दोष त्या खिळ्यांना द्या.

आम्हांला मागवणारे मंडळ चिंचवडला एका कंपनीच्या करमणूक-खोलीत दर रविवारी भरत असे. सभापती होते उद्धवराव, कंपनीचे भांडारप्रमुख. इंग्रजी अमदानीत ते खडकीच्या छावणीत कारकून होते. तिथले अधिकारी मोठ्या टेबलावर शिशाच्या फौजा मांडून जुन्या लढाया पुन्हा लढत; फासे टाकून आणि फूटपट्टीने चाल मोजून. उद्धवरावांनी तो खेळ पाहिला, नियम उतरवून घेतले आणि साहेब गेल्यावर त्यांच्या लढायांच्या जागी आपली लढाई आणली. ती लढाई म्हणजे सोळाशे साठ सालचा चाकणचा वेढा. कागदाच्या लगद्याचा चाकणचा किल्ला, म्हणजे संग्रामदुर्ग, झाला, खंदकात निळे कापड अंथरले गेले, आणि मला कोपऱ्याच्या बुरुजावर उभे करण्यात आले.

ज्योतीरामने आम्हांला सभासदांच्या स्वाधीन केले, त्या दिवशीचे बोलणे मला शब्दशः आठवते.

“सभापती, जरा कथील घातलंय,” तो म्हणाला. “निव्वळ शिसं मऊ. बंदुका लोळल्या असत्या.”

“घाला, घाला. तुमचं तुम्हांला ठाऊक,” उद्धवराव म्हणाले. हे वाक्य इतिवृत्तात कोठेही नाही.

“आन् कोरड्या फडक्यानं पुसायचं. वरनं जवसाच्या तेलाचा हात. आंबट तेवढं लावू नका. ह्यांना हाताळलं की हात धुवून मगच जेवायचं.”

“अहो, शिपाई दिलेत की बाळंतीण?” उद्धवरावांनी विचारले, आणि खोली हसली. ज्योतीरामही हसला. आपण सांगितले, त्यांनी ऐकले, असे त्याला वाटले.

माझी चांगली वर्षे दीडच. पण ती खरोखर चांगली होती. मंडळाची अडचण एकच होती: मोगल व्हायला कोणी तयार नसे.

“मी न्हाई राव मोगल व्हनार,” भैरू म्हणे. तो कंपनीत लेथवर होता आणि चाकणजवळच्या खेड्यातून सायकलने येई. “माझं घर किल्ल्यापासनं दीड कोसावर हाय. म्हातारी दारात उभी करनार न्हाई.”

“चिठ्ठ्या टाकू,” कोणीतरी सुचवी.

“चिठ्ठीत निघालं तरी न्हाई.”

शेवटी, शिपाई दिल्यापासून मंडळाचा सभासद झालेला ज्योतीराम पुढे सरके. “आना ती फौज हिकडं. कुनीतरी मोगल व्हायलाच पायजे. न्हाईतर लढता कुनाशी, आरशाशी?”

नियम असा होता की मोगलांनी सुरुंग कोणत्या बुरुजाखाली खणायचा ते आधी चिठ्ठीवर लिहून पालथे ठेवायचे. उद्धवराव किल्लेदार होत आणि सगळ्या तोफा वेशीवर लावत, कारण वेशीवरची लढाई बघायला शोभिवंत दिसते. ज्योतीराम मुकाट्याने कोपऱ्याच्या बुरुजाचे नाव लिही. वेढ्यात खरोखर जे घडले तेच टेबलावर घडे: बुरूज उडे, त्याबरोबर मी उडे, आणि किल्ला खाली करावा लागे. असे लागोपाठ तीन रविवार झाले. माझी तक्रार नव्हती. भैरू मला दर वेळी जमिनीवरून उचलून, फुंकर मारून परत उभा करी.

“ज्योतीराम, तुम्ही जरा जास्तच मन लावून मोगल होता,” तिसऱ्या रविवारी उद्धवराव म्हणाले. या वेळी खोली हसली नाही.

“मन लावून वततो, मन लावून खेळतो, सभापती. दुसरं काय येत न्हाई मला.”

सोळाशे साठ साली जे झाले ते मान्य असणारा माणूस, तेच आपल्या टेबलावर झाले की त्याला फितुरी म्हणतो. हा शोध मी बुरुजावर उभे राहून लावला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

सत्तावनच्या सव्वीस जानेवारीला कंपनीचे मोठे साहेब खेळ पाहायला येणार होते. आदल्या दिवशी उद्धवरावांनी आम्हां साठ जणांना घरी नेले. त्यांच्या घरातली तांब्या-पितळेची भांडी आरशासारखी असत. ती घासणाऱ्या अंबूबाई सकाळीच आल्या होत्या.

“अंबूबाई, ह्यांना चिंच-मिठाच्या पाण्यात घाला. दिवेलागणीपर्यंत राहू देत. लखलखले पाहिजेत.”

अंबूबाईंनी मला उचलून हातावर जोखले. “साहेब, हे तर शिसं. शिशाला आंबट लावत न्हाईत. माझा भाऊ पवना नदीत जाळं टाकतो. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यास्नी आंबट लागलं की पांढऱ्या पडत्यात, मग भुगा हुतो.”

“अंबूबाई, हे जाळं नाही. हा इतिहास आहे.”

मग इतिहास परातीत गेला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत आम्ही त्या आंबट पाण्यात पडून होतो. तांब्याला जे मानवते ते शिशाला मारते, हे भांडी घासणाऱ्या बाईला माहीत होते आणि भांडारप्रमुखाला सांगून झाले होते, तेही दोनदा, दोन वेगवेगळ्या माणसांनी. मित्रांनो, अज्ञानाला मी क्षमा करतो. पण ज्याच्या दारात ज्ञान दोनदा येऊन उभे राहिले आणि त्याने त्याची जात, धंदा आणि लुगडे पाहून त्याला परत पाठवले, त्याला अज्ञानी म्हणण्याची सवलत मी देणार नाही.

सव्वीस तारखेला आम्ही चमकलो. साहेबांनी मला उचलून “वा” म्हटले. उद्धवराव लवले. मग आम्हांला न सुकवता, न पुसता, ओलसर गोणपाटात गुंडाळून पेटी बंद करण्यात आली; पुढचे सहा आठवडे खेळ झाला नाही. आत काय झाले ते थोडक्यात सांगतो. प्रथम अंगावर पांढरी साय आली. मग ती साय आत उतरू लागली. माझ्या शेजारच्या भालाईताचा भाला आपोआप गळून पडला. आवाज झाला नाही. शिसे मरताना आवाज करत नाही.

दहा मार्चला पेटी उघडली. त्यानंतर जे चालले त्याला चौकशी म्हणण्याची प्रथा आहे.

“ज्योतीराम, शिशात कथील मिसळलं होतं? हो की नाही?”

“मिसळलं हुतं, पन तवाच तुमाला...”

“लिहा. कबूल.”

“आरं, ऐकून तरी घ्या त्याचं!” भैरू उठला. “ही सभा हाय का पंचनामा? मानसाचं वाक्य तरी पुरं हू द्या!”

“भैरू, बसा खाली.”

“न्हाई बसत!” आणि तो दार आपटून गेला. म्हणून सर्वानुमते.

मी बुरुजावरचा, पेटीत सगळ्यांच्या वर ठेवलेला. माझी झीज कमी होती. मला काचेच्या बरणीत घालून वर चिठ्ठी लावली: ‘पुरावा क्रमांक एक’. बरणी कोरडी होती, झाकण घट्ट होते, आणि ती इतिवृत्तांच्या वह्यांशेजारी कपाटात ठेवली गेली. जी निगा शिपाई म्हणून आम्हांला मिळायला हवी होती ती मला आरोपीविरुद्धचा पुरावा म्हणून मिळाली. त्यामुळेच मी वाचलो.

ज्योतीराम वाचला नाही. ओताऱ्याच्या घरी काही धनदौलत नसते. त्याच्या धातूवर लोकांचा विश्वास असतो, तेवढीच त्याची पुंजी. तो देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्ती ओतत असे, देवळांच्या घंटा ओतत असे. मंडळाचा ठराव कंपनीत फिरला, कंपनीतून गावोगाव गेला. एका रविवारी भैरू कपाटाजवळ उभा राहून दुसऱ्या सभासदाला सांगत होता:

“चिखलीची सरुबाई अन्नपूर्णा परत ठेवून गेली त्याच्या वट्यावर. म्हनली, खोटा धातू देव्हाऱ्यात कसा ठिवू? ज्योतीरामनं मूर्ती उचलली, पदराखाली घ्यावी तशी घेतली आन् आत गेला. आता भट्टी इझलीय. आपल्याच कंपनीच्या आवारात हमाली करतोय. लोखंडाच्या सळ्या उचलतोय.”

“त्यानं मिसळलं होतं ना पण काहीतरी?”

“तुझ्या आईनं भाकरीत मीठ मिसळलं तर तीबी भेसळच का रं?”

मंडळाने मेमध्ये पुण्याच्या दुसऱ्या ओताऱ्याकडून नवे साठ शिपाई आणवले. करार लेखी होता: निव्वळ शिसे, कथील रतीभरही नाही. पहिल्याच महिन्यात त्यांच्या बंदुका लोळल्या. त्याची इतिवृत्तात नोंद नाही. पंधरा ऑगस्टला तेही लखलखत होते. मी बरणीतून पाहिले आणि ती लकाकी ओळखली. पण मित्रांनो, वस्तूची साक्ष कोणत्याही सभेत ग्राह्य नसते.

सप्टेंबरच्या एका रविवारी दुपारी सभा भरली. झेंडावंदनापासून पेटी बंद, उद्धवरावांच्या घरी होती. ती डोक्यावर घेऊन अंबूबाई आल्या. भैरू त्या दिवशी एकटा आला नव्हता. त्याच्यामागे, हमालीचा सदरा घातलेला, ज्योतीराम उभा होता.

“हे इथं कशाला?” उद्धवरावांनी विचारले.

“शिसं वळखनारा मानूस पायजे म्हनून आनला,” भैरू म्हणाला आणि त्याने झाकण उघडले.

आत शिपाई नव्हते. पांढरा चुरा होता, आणि त्यात काही पाय.

“पुण्याच्या ओताऱ्यानंही फसवलं,” उद्धवराव म्हणाले. “म्हणजे ही जातच...”

“थांबा,” भैरू म्हणाला. “येकानं कथील घातलं म्हनून भुगा. दुसऱ्यानं न्हाई घातलं म्हनून भुगा. सभापतीसाहेब, मंग शिपाई कशाचं वतायचं, गुळाचं?”

अंबूबाई दारातून निघाल्या होत्या. त्या चुऱ्याकडे पाहून थांबल्या. पेटीकडे बोट करून त्या कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, “मी म्हनले हुते साहेबास्नी. जानेवारीतबी म्हनले, परवाच्या झेंडावंदनाच्या आधीबी म्हनले. चिंच नगा लावू.”

ज्योतीराम पुढे आला. त्याने चुरा चिमटीत घेतला, चोळला, सोडून दिला.

“सभापती, मला मंडळ नको,” तो म्हणाला. “मोगलबी नको आन् किल्लाबी नको. माझ्या हातचा देव लोक परत करत्यात. तुमी येवढंच सांगा, तुमाला म्हाईत हुतं का न्हवतं?”

उद्धवरावांनी टेबलावरची फूटपट्टी उचलून बाजूला ठेवली. मग बोलले. पाच माणसांनी ऐकले, आणि बरणीतून मी. त्या दिवशीच्या इतिवृत्तात, पृष्ठ अठ्ठावन्नवर, एवढेच आहे: ‘दमट हवेमुळे शिपाई निकामी. चर्चा झाली.’ पृष्ठ एकेचाळीस कोणी खोडले नाही. ज्योतीरामची भट्टी पुन्हा पेटली नाही. सरुबाईला कोणी जाऊन सांगितले असेल तर ते मला माहीत नाही. भैरूने मंडळ सोडले. बरणीवरची चिठ्ठी अजून तीच आहे, आणि मी अजून ज्योतीरामविरुद्धचा पुरावा आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काही मागायचे असते. मी तेलाचा हात मागत नाही. माझे आता होऊन गेले. एवढेच मागतो की वस्तू जपायची असेल तर ती ज्याने घडवली आणि जिने घासली त्यांना आधी विचारा, आणि त्यांनी सांगितलेले तुमच्या सोयीचे नसले तरी ऐका. आणि वस्तू बिघडली तर पहिला प्रश्न स्वतःच्या हातांना करा. तो न करणाऱ्यांच्या वह्या फार नीटनेटक्या असतात.

पृष्ठ अठ्ठावन्नवर जे नाही, ते मी येथे देतो. उद्धवराव म्हणाले ते अक्षरशः असे:

“चिंच मीच लावायला सांगितली. दोन्ही वेळा. पहिल्या वेळी पेटी उघडली तेव्हाच मला कळलं होतं, ज्योतीराम. तुम्ही सांगितलेलंही आठवलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तुमचं नाव लिहिणं सोपं होतं. दुसऱ्या वेळी मला पक्कं माहीत होतं, काय होणार ते. पण अंबूबाईला ‘या वेळी चिंच नको’ म्हणालो असतो, तर तिला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून पुन्हा लावायला सांगितली.”