शुक्रवारची फाइल

संगमनेरहून वृषालीनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण सर्व्हर उत्तर देत नव्हता. तो काष्टीच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातल्या एका वस्तीवर होता. चर्चच्या आवारात दोन खोल्या, गच्चीवर अँटेना, आणि आसपासच्या काही गावांपुरतं ऐकू येणारं रेडिओ केंद्र. अशा लहान केंद्रांची यंत्रं सांभाळणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत वृषाली होती. काम घरूनच असायचं. केंद्रातल्या माणसांना तिनं पाहिलं नव्हतं, आवाज मात्र ओळखीचे होते.

व्यवस्थापक वाल्मिक शनिवारच्या बाजाराला गेला होता. फोन दुसऱ्याच कुणी उचलला.

"सलाम म्याडम. मी प्रभुदास. इथंच आवारात ऱ्हातो. वाल्मिकनं किल्ली दिलीय."

"नमस्कार काका. मशीनसमोर आहात का?"

"समोरच हाय. काळा पडदा आन पांढरी अक्षरं. इंग्रजी."

"शेवटची ओळ वाचून दाखवता? एकेक अक्षर सांगितलं तरी चालेल."

"अक्षरं येत्यात. कारखान्यात फिटर हुतो मी, नटबोल्टावरची वाचून वाचून शिकलो. के... ई... आर... एन..."

"कर्नल."

"कर्नल? मिल्ट्रीतला?"

"नाही काका. यंत्राचा गाभा म्हणतात त्याला."

"मंग गाभा घाबारलाय. फुडं पॅनिक लिवलंय. ह्यो शब्द येतो मला. बॉयलरच्या खोलीत पाटीच हुती, पॅनिक हुऊ नका म्हनून."

वृषाली हसली. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "मधेच वीज गेली होती का?"

मागं कुठंतरी कोंबडी कलकलत होती.

"गेली न्हाई," प्रभुदास म्हणाले. "मी घालवली."

त्यांची बायको, मार्थाबाई, थोड्या दिवसांच्या दुखण्यानंतर गुरुवारी पहाटे गेली. पूर्वी ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर केंद्रावर रोज सकाळी सातला 'घरचं दुखणं' नावाचा कार्यक्रम करायची. ताप, जुलाब, बाळंतिणीचं खाणं. कार्यक्रम दोन दिवस आधी रेकॉर्ड व्हायचा आणि ठरल्या सकाळी मशीन तो आपोआप लावायचं. वृषालीला हे सगळं माहीत होतं. मार्थाबाई गेल्याचं मात्र ती आत्ता ऐकत होती.

"आमच्या आळीत मयत उठंस्तवर कुनी रेडिओ लावत न्हाई," प्रभुदास सांगत होते. "टीव्ही बी न्हाई. पन ह्या मशीनला कोन सांगनार? बायका आत तिला अंघुळ घालीत हुत्या. आन भाईर, केंद्राच्या भोंग्यावर, ती बोलाया लागली. लहान लेकराला ताप आला तर काय करायचं. त्येच, तिच्याच आवाजात. मी हितं आलो आन मेन खाली वडला. तरी त्यो खालचा डबा पी पी करीत हुता. त्याचं बटन दाबून धरलं, मंग गप झाला."

खालचा डबा म्हणजे यूपीएस. वीज गेली तरी सर्व्हरला नीट बंद व्हायला वेळ मिळावा म्हणून तो ठेवलेला होता. वृषालीच्या डोळ्यांसमोर सातचं वेळापत्रक उभं राहिलं. सातला सर्व्हर आजचा कार्यक्रम लावतो. त्याच वेळी उद्याच्या कार्यक्रमाची कच्ची फाइल घेऊन तिचा आवाज स्वच्छ करतो, नवी फाइल लिहितो आणि कच्ची पुसतो. गुरुवार असेल तर सिस्टिमचे नवे भागही तेव्हाच बसवतो. म्हणजे मेन खाली ओढला तेव्हा यंत्र लिहीत होतं.

"दुरुस्त हुईल ना म्याडम?"

"मशीन होईल, काका."

"त्यात तिचं शुक्रवारचं हाय," ते म्हणाले. "मशीनचं मला काय न्हाई. शुक्रवारचं तेवढं काढून द्या."

शुक्रवारचा कार्यक्रम दुखण्यांचा नव्हता. केंद्राचा वर्धापनदिन होता, म्हणून मार्थाबाईंनी त्या भागातल्या ख्रिस्ती बायकांचे जुने उखाणे गोळा केले होते. नोहाच्या तारवातले, याकोबाच्या विहिरीवरचे. बुधवारी रेकॉर्डिंगच्या शेवटी त्यांनी स्वतःचाही एक घेतला.

"नाव घेतलं तिनं माझं," प्रभुदास म्हणाले. "घरात कधी घेतलं न्हाई. लग्नात घ्यायला लावत हुते तर रडून मोकळी झाली. मंग जल्मभर 'आवो', न्हाई तर 'एंजेलाचे पप्पा'. रेडिओवर बी 'आमचे हे'. बुधवारी रात्री जेवताना म्हनली, शुक्रवारी सातला कुठं जाऊ नका, तुमचं नाव घेतलंय. मी म्हनलो, आत्ता घे की. तर म्हनली, आता शुक्रवारीच."

वृषालीनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "काका, कपाटात निळ्या टोपणाचा पेन ड्राइव्ह असेल. तो मशीनला लावा. मी सांगते तशी बटणं दाबा. आणि मी सांगेपर्यंत दुसरं काहीही दाबू नका."

"न्हाई दाबत. आता न्हाई दाबत."

पेन ड्राइव्हवर एक छोटी सिस्टिम होती. आजारी सर्व्हर तिच्यावर उभा करायचा आणि त्याच्या डिस्कला बाहेरून पाहायचं. प्रभुदासांनी बाण, एंटर, पुन्हा बाण, एंटर असं केलं, प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगत. चौथ्या वेळी वृषालीच्या स्क्रीनवर तिकडचं मशीन उघडलं. पहिली आज्ञा तिनं दिली ती अशी, की डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. मग डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली.

प्रत होत असताना वाल्मिक बाजारातून आला. फोन त्यानं घेतला.

"ताई, समितीचे लोक मागं लागलेत. दोन दिवस केंद्र बंद हाय. म्हनत्यात, फॉरमॅट मारा आन नवं टाका. तासाभराचं काम, आसं कुनीतरी सांगितलंय त्यांना."

"फॉरमॅट मारला तर जे वाचण्यासारखं असेल तेही जाईल, वाल्मिकभाऊ."

"मला कळतंय वो. मीच रेकॉर्डिंग केलंय मार्थाबाईंचं. पन मी नोकर मानूस."

"त्यांना सांगा, ताई अडून बसलीय. माझं नाव घ्या."

"सांगतो. तुमच्यावर चिडले तर पुण्याला फोन करतील."

"करू देत."

दुपार झाली. आईनं जेवायला हाक मारली, वृषाली ताट घेऊन पुन्हा खुर्चीवर येऊन बसली. प्रत उतरली, तेव्हा तिनं प्रतीवर काम सुरू केलं. सिस्टिमच्या बऱ्याच फाइल्स मोडल्या होत्या. काहींची नावं होती आणि आत काहीच नव्हतं. काहींमध्ये दुसऱ्याच फाइलचे तुकडे होते. तिनं एकेकीची खूण मूळ खुणेशी ताडून पाहिली. जी जुळली नाही ती बाजूला काढली आणि तिच्या जागी चांगली प्रत आणून ठेवली.

हे काम अवघड नव्हतं. या फाइल्स जगातल्या लाखो यंत्रांवर अगदी अशाच आहेत, बिंदूचाही फरक नसतो. एक गेली तर दुसरी आणता येते, आणि आणलेली कुठल्याच अर्थानं वेगळी नसते. सर्व्हर त्यामुळेच बरा होतो. वृषालीला या गोष्टीचं नेहमी समाधान वाटायचं. आज वाटलं नाही.

मार्थाबाईंचे जुने कार्यक्रम जवळजवळ सगळे शाबूत होते. तिनं फोनवर सांगितलं.

"आन शुक्रवारचं?" पलीकडं आता फोन स्पीकरवर होता. दोघं शेजारी बसले असावेत.

"पाहते आहे."

शुक्रवारची फाइल तिच्या जागी होती. नाव बरोबर होतं, तारीख बरोबर होती. आत शून्य होतं. यंत्रानं जागा धरली होती, आवाज अजून त्याच्या तात्पुरत्या आठवणीत होता, डिस्कवर उतरायचा होता, आणि त्या क्षणी वीज गेली. कच्ची फाइल यंत्रानं त्याआधीच पुसली होती. वृषालीनं पुसलेल्या जागांत शोधलं. तुकडे सापडले, नावं नसलेले, नुसते आकडे. ती एकेक ऐकत गेली. कुणाचं तरी भजन, खताची जाहिरात, दुधाचा भाव, पुन्हा जाहिरात. एका तुकड्यात मार्थाबाई खोकल्या आणि म्हणाल्या, "थांब रे, पानी पिते." तो जुना, उन्हाळ्यातला निघाला. कच्च्या फाइलच्या जागेवर गुरुवारचे नवे सिस्टिमचे भाग लिहिले गेले होते. तिथं आता दुसरं काही नव्हतं.

तिनं वेगळ्या साधनानं पुन्हा शोधलं. पहिल्या साधनाची चूक असू शकते, असं तिनं स्वतःला सांगितलं. चूक नव्हती.

"काका," ती म्हणाली.

"सांगा."

"सापडलं नाही. आता सापडणारही नाही."

स्पीकरवर पंख्याचा आवाज येत होता. वाल्मिक काहीतरी म्हणायला गेला, त्याला थांबवलेलं जाणवलं.

"मी मेन वडला नसता तर?" प्रभुदासांनी विचारलं.

वृषालीकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. डिस्क जुनी होती. यंत्रानं कच्ची फाइल इतक्या लवकर पुसायला नको होती. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही त्यांनी विचारलं नव्हतं. तेवढ्यात तेच म्हणाले,

"ऱ्हाऊ द्या. चालू मशीन झटक्यात तोडायची न्हाई. टर्बाइन आसू दे, न्हाई तर चक्की आसू दे. मी नव्या पोरांच्या कानफटात मारून शिकवलंय हे. मला का ठाऊक न्हाई?"

"तुम्ही मशीन बंद करायला गेला नव्हतात, काका."

"न्हाई. तिला गप करायला गेल्तो." ते थांबले. "आन केलं."

"आसं नका म्हनू काका," वाल्मिक म्हणाला.

वृषालीनं फोन कानाला धरूनच ठेवला. ठेवून द्यावा असंही तिला वाटलं, पण न सांगता ठेवणं बरं दिसलं नसतं, आणि सांगायला तोंड उघडवेना.

मग वाल्मिकचा आवाज आला, दबलेला. "काका, मी हुतो तवा. काचंच्या अलीकडं. मला सगळा उखाना पाठ हाय. सांगू?"

"नको."

"दोनच वळी हायेत."

"नको म्हनतो ना. तू सांगितलास की तुझ्या आवाजात बसंल माझ्या डोक्यात. मंग मेलो तरी तुझाच आवाज. तुझ्या त्वांडून माझं नाव ऐकून काय करू? रोज हाका मारतोसच की."

कुणीतरी नाक शिंकरलं, कोण ते कळलं नाही.

"म्याडम हायेत का अजून?"

"आहे, काका."

"जेवला का तुमी?"

"हो."

"बरं." मग ते वाल्मिककडं वळले असावेत, कारण आवाज लांबून आला. "शब्द नको सांगू. पर मोठ्यानं म्हनली का हळू?"

"हळू. मी म्हनलो, मार्थाबाई, जरा माइकजवळ या. तर आल्या जवळ."

"आन मंग?"

"मंग घेतलं. आन हसल्या."

"हसली?"

"व्हय. पदर त्वांडावर घेतला. मी म्हनलो, हसन्याचा आवाज आलाय, परत घेऊ. तर म्हनल्या, न्हाई बाबा, येकदाच. परत न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

"पदर घेतला म्हनतोस."

"व्हय काका."

"कुठल्या हातानं?"

वाल्मिकला आठवावं लागलं. "डाव्या."

"उजव्यात सलाईनची सूज हुती," प्रभुदास म्हणाले.