उमेदवाराशी आपले नाते

माझ्या लग्नात कुणी मला सांगितलं असतं की बाई गं, आडनाव बदललंस तर कॉम्प्युटर तुझे दोन तुकडे करील, तर मी नवऱ्याला म्हटलं असतं, तूच माझं आडनाव लाव. पण तेव्हा पासपोर्टची घाई होती, सगळे म्हणाले एकच आडनाव असलेलं बरं, आणि मीही म्हटलं, बरं तर बरं.

आता जगभरच्या शास्त्रीय पेपरांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये मी दोन बायका आहे. एक माहेरची. तिचे पेपर मोजकेच, पण पेशी आपल्यातलं बिघडलेलं प्रथिन कसं ओळखते आणि बाहेर काढते, यावरचा तिचा एक पेपर असा आहे की या विषयावर कुणीही काहीही लिहिलं तरी संदर्भात तिचं नाव येतंच. दुसरी सासरची. तिचे पेपर ढीगभर आणि त्यांची दखल घेणारी चार टाळकी. दोघींच्या सायटेशन्स, म्हणजे इतरांनी पेपरांचा घेतलेला आधार, एकत्र केल्या तर मी बऱ्यापैकी शास्त्रज्ञ आहे. वेगळ्या ठेवल्या तर सासरची अगदीच किरकोळ.

आणि बढतीला बसली होती सासरची. बढती मिळाली तर माझी प्रयोगशाळा राहणार होती. नाही मिळाली तर खोली, डीप फ्रीजर आणि त्यातल्या मी पोटच्या पोरांसारख्या जपलेल्या पेशी, सगळं शेजारच्या गटाकडे जाणार होतं. त्या गटाचा प्रमुख हल्ली उगाचच माझ्या दारात येऊन उभा राहायचा आणि "उजेड छान येतो हो तुमच्याकडे" म्हणून जायचा. एकदा मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

डेटाबेसवाल्यांना मी लिहिलं की या दोघी म्हणजे मीच, कृपया एकत्र करा. लग्नाचा दाखला जोडला. उत्तर आलं: मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, संस्था वेगळी, तपासणीत दोन्ही लेखिकांचा एकमेकींशी काहीही संबंध आढळला नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. तिसऱ्यांदा मी जरा वाईट भाषेत लिहिलं, तर त्यांनी मला सेवेचा अनुभव कसा वाटला ते विचारलं.

"माझ्या घरात दोन शास्त्रज्ञ नांदतायत आणि मला पत्ताच नाही," नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर आहे. त्याला कुणी विचारत नाही की तुम्ही भरलेल्या दाताचा जगात किती जणांनी आधार घेतला.

"हसू नकोस. खोली जाईल माझी."

"अगं, मुलाखतीत सांग ना सरळ. समोर माणसंच असणार."

माणसंच होती. बाहेरून आलेली तीन. समितीच्या अध्यक्षांनी माझी फाईल चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, तुमचं काम नीटनेटकं आहे. पण तुमच्या प्रत्येक पेपरात एकाच व्यक्तीचा आधार." त्यांनी माझं माहेरचं नाव वाचलं. "सगळे विचार त्यांचेच. तुमचं स्वतःचं काय?"

"सर, ती मीच आहे."

अध्यक्ष कौतुकानं हसले. "असं होतं खरं. एखाद्याचं काम इतकं भावतं की आपण त्याच्याशी एकरूप होतो. पण शास्त्रात इतकी भक्ती बरी नव्हे."

"भक्ती नाही हो! लग्न! लग्न झालं माझं!"

"अभिनंदन," दुसरे सदस्य म्हणाले.

मी दाखला टेबलावर ठेवला. समितीच्या सचिवबाईंनी तो उचलून मला परत दिला. म्हणाल्या, समिती फक्त डेटाबेस धरून चालते, दाखला हे काही प्रकाशन नव्हे. मला ओरडावंसं वाटत होतं. पाणी पिऊन बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात माझ्या माहेरच्या नावाच्या जुन्या मेल-पत्त्यावर, जो मी फक्त आईच्या फॉरवर्डसाठी जिवंत ठेवलाय, समितीची मेल आली. 'आदरणीय बाई, आपण या विषयातल्या अग्रगण्य तज्ज्ञ आहात. सोबतच्या उमेदवाराच्या कामाबद्दल आपलं गोपनीय मत कळवावं.' सोबत माझी फाईल. उमेदवार ज्याचा आधार सगळ्यात जास्त घेतो, त्यालाच त्यांची सिस्टीम आपोआप विचारत होती.

सुरुवातीलाच रकाना होता: उमेदवाराशी आपले नाते. खाली पर्याय. पती-पत्नी. नातेवाईक. गुरू-शिष्य. सहलेखक. काही संबंध नाही.

मी सचिवबाईंना फोन लावला. "समजा, तज्ज्ञ आणि उमेदवार एकच असेल तर कुठला पर्याय निवडायचा?"

"एकच कसं असेल? बाहेरचे तज्ज्ञ बाहेरचेच असतात."

"पण समजा असलं तर? मुलाखतीत मी तेच तर सांगत होते तुम्हाला."

"अहो बाई, त्याचं उत्तर डेटाबेसनं लेखी दिलंय ना तुम्हाला? संबंध नाही म्हणून? मग आम्हाला का छळताय?" आणि फोन ठेवला.

ठीक आहे म्हटलं. मी 'काही संबंध नाही' निवडलं आणि पुरावा म्हणून डेटाबेसचं पत्र जोडलं. खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. खरं काय ते माझं तोंड दुखेस्तोवर सांगून झालं होतं.

मग रागारागातच फाईल उघडली. ठरवलं होतं, असं कौतुक लिहीन की अध्यक्षांचा चष्मा पडेल. पण वाचायला लागले आणि हात थांबला. परक्यांच्या अशा फायली मी आजवर शेकडो वाचल्यात, कुठे बघायचं ते कळतं मला. पेपरावर जिनं काम केलं तिचं नाव पहिलं येतं, जिची प्रयोगशाळा तिचं शेवटचं. या बाईचं नाव वर्षानुवर्षं मधल्या गर्दीत होतं. डीएनए वाचायचं महागडं मशीन संस्थेनं आणलं, ते हिला चालवता येत होतं, म्हणून हिलाच त्यावर बसवलं. जो तो नमुने आणून देणार, ही वाचून देणार, आणि पेपरात हिचं नाव उपकार केल्यासारखं मध्ये घालणार. ज्या प्रश्नापाशी माहेरची थांबली होती, तो तिथेच पडून होता. मी हो म्हणत गेले होते. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

मत लिहिलं ते खरं लिहिलं. 'उमेदवाराचे अलीकडचे बहुतेक पेपर इतरांच्या कामाचे आहेत. त्यांचे स्वतःचे काम थोडे आहे, पण ते चांगले आहे. माझा जुना प्रश्न पुढे नेऊ शकेल अशी दुसरी व्यक्ती माझ्या माहितीत नाही. त्यांची प्रयोगशाळा राहू द्यावी आणि त्यांना मशीनवरून उठवावे.'

महिन्याभरात बढतीचं पत्र आलं. खोली राहिली, फ्रीजर राहिला. शेजारचा गटप्रमुख अभिनंदन करायला आला तेव्हा मी त्याला आत बोलावून उजेड दाखवला.

संचालकांनी चहाला बोलावलं. दोनच वर्षांपूर्वी आलेले, माणूस सज्जन आहे. ते मत त्यांनी समोरच ठेवलं होतं.

"त्या बाईंच्या शब्दावर झालं बरं का तुमचं. नाहीतर समितीचा नकारच होता. काय स्पष्ट लिहिलंय! अशी माणसं आपल्या संस्थेला मिळायला हवी होती."

"होत्या ना सर, इथेच होत्या," मी म्हणाले. "आल्या आल्याच तुमच्या लोकांनी त्यांना मशीनवर बसवलं."

संचालकांनी डोक्याला ताण दिला. "असं? माझ्या आधीची गोष्ट असेल." ते हळहळले. "मग गेल्या कुठे त्या?"